दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद आणि अलास्काची क्रूझ: निघण्याआधीची तयारी

आधी कोर्टाचा कागद. तिकीट, बाल्कनीची केबिन, गरम कपडे हे सगळं नंतर. ज्या कोर्टात तुमची केस निकाली निघाली तिथल्या खिडकीवर जायचं, केस नंबर सांगायचा आणि निकालाची सही-शिक्क्याची प्रत मागायची. इकडे तिला 'सर्टिफाइड डिस्पोझिशन' म्हणतात. एक नाही, तीन प्रती घ्या.

२०२३ च्या जूनमध्ये मी हा एक कागद न घेता न्यूअर्कहून कॅनडातल्या व्हँकूव्हरला गेलो, अलास्काचं जहाज तिथून सुटणार होतं. बाबांची पंचाहत्तरी होती. आई-बाबा साताऱ्याहून आले होते, बाबांना हिमनदी बघायची होती. विमानतळावर मला बाजूला घेतलं, आतल्या खोलीत दोन तास बसवलं आणि मग अधिकाऱ्यानं शांतपणे सांगितलं की तुम्हाला प्रवेश देता येत नाही, परत जा. बायको, मुलगी, आई-बाबा अलास्काला गेले. मी न्यूअर्कला परत आलो. म्हणून ही यादी करतोय, नावावर अशी एखादी नोंद असलेल्या आणि क्रूझचं बुकिंग करायला बसलेल्या अमेरिकेतल्या आपल्या माणसांसाठी. या विषयावर आपल्यात कोणी तोंड उघडत नाही, त्यामुळे कोणी कोणाला सावधही करत नाही.

पासपोर्ट, ग्रीन कार्ड, जहाजाचं ऑनलाइन चेक-इन हे तुम्ही कराच. पुढे.

सगळ्यात आधी डोक्यातला एक समज काढून टाका. न्यू जर्सीत डीडब्ल्यूआयला, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याला, गुन्हा म्हणत नाहीत, कायद्यानं ते वाहतुकीच्या नियमाचं उल्लंघन आहे. त्यामुळे 'गुन्हा सिद्ध झाला आहे का' या रकान्यात मी इतकी वर्षं 'नाही' लिहीत आलो आणि इथल्या हिशेबानं ते बरोबर होतं. कॅनडाला मात्र न्यू जर्सी त्याला काय म्हणते याच्याशी घेणंदेणं नाही. तेच कृत्य कॅनडात केलं असतं तर तिथल्या क्रिमिनल कोडमध्ये कुठं बसलं असतं, एवढंच ते बघतात. तिथे तो फौजदारी गुन्हा आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा ५ वर्षांवरून १० वर्षं झाली आणि त्यामुळे इमिग्रेशनच्या दृष्टीनं तो गंभीर गुन्ह्यांत जाऊन बसला. माझी चूक जानेवारी २०१९ ची.

या तारखेला महत्त्व आहे. तिच्या आधीचा एकच असा गुन्हा असेल आणि शिक्षा पूर्ण होऊन १० वर्षं उलटली असतील, तर माणूस आपोआप सुधारला असं कॅनडा धरतं. तारखेनंतरच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. वीस वर्षं गेली तरी अर्ज करावाच लागतो. आणि जुन्या नोंदवाल्यांनो, तुम्हीही निर्धास्त राहू नका. १० वर्षं झाली हे अधिकाऱ्याला कशावरून कळणार? कोर्टाच्या कागदावरून. केस डिसमिस झाली असेल तरी कागद घ्याच, कारण अटक झाल्याचं संगणकावर दिसतं, सुटका झाल्याचं दिसेलच असं नाही. वकिलानं केस 'रेकलेस ड्रायव्हिंग'वर आणून ठेवली असेल, तर त्या कलमाचा मजकूरही छापून सोबत ठेवा. धोकादायक ड्रायव्हिंग हाही कॅनडात फौजदारी गुन्हा आहे.

आता मार्ग. बरेच जण म्हणतात, आम्ही सिॲटलहून बसतोय आणि सिॲटललाच उतरतोय, कॅनडाचा प्रश्नच कुठे आला? आला. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर न घेता अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी फिरवता येत नाहीत, आणि अलास्काला जाणारी मोठी जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याची आहेत. म्हणून सिॲटलची जहाजं वाटेत कॅनडाचं बंदर घेतात, बहुतेक वेळा व्हिक्टोरिया, तेही शेवटच्या संध्याकाळी काही तासांपुरतं. २०२१ मध्ये कोविडमुळे कॅनडाची बंदरं बंद होती तेव्हा अमेरिकी संसदेला यातून तात्पुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला होता, इतका हा नियम पक्का आहे. 'मी उतरणारच नाही, केबिनमध्ये बसून राहीन' या भरवशावर जाऊ नका. प्रवाशांची यादी जहाजाच्या आधी पोचते. व्हँकूव्हरहून निघणाऱ्या जहाजांचं तर विचारायलाच नको, आधी कॅनडात पाय ठेवावाच लागतो.

कॅनडा पूर्ण टाळायचं असेल तर अँकरेज किंवा जुनोला थेट विमानानं जा आणि तिथून पुढे फिरा. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून केचिकनला अलास्का सरकारची फेरीबोटही जाते. साधारण ३८ तास लागतात, वाटेत थांबत नाही. क्रूझचा थाट नाही, पण डोंगर आणि पाणी तेच.

टाळायचं नसेल तर रस्ते दोन. पहिला टेम्पररी रेसिडेंट परमिट, टीआरपी, म्हणजे अशी नोंद असूनही कॅनडात येण्याची परवानगी. तो ठरावीक काळापुरता असतो आणि देणं-न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. विमानतळावर किंवा नाक्यावर ऐन वेळी मागता येतो, मीही २०२३ मध्ये तोच विचार केला होता. तसं करू नका. आधी कॅनडाच्या वकिलातीमार्फत अर्ज करा, आणि प्रवासाच्या निदान सहा-आठ महिने आधी. तुमच्यापासूनचा धोका एका पारड्यात आणि तुमच्या येण्याची गरज दुसऱ्या पारड्यात, असं ते तोलतात. नुसती सहल हे कारण हलकं पडतं. घरातलं कार्य असेल, म्हातारे आई-वडील सोबत असतील, तर ते पुराव्यासकट लिहा. दुसरा रस्ता क्रिमिनल रिहॅबिलिटेशन, म्हणजे माणूस सुधारला हे कॅनडाकडून अर्ज करून मान्य करून घेणं. शिक्षा पूर्ण होऊन ५ वर्षं झाल्यावर अर्ज करता येतो, वेळ फार लागतो, पण मिळालं की पुन्हा गुन्हा न केल्यास हा विषय कायमचा मिटतो. मी दोन्ही अर्ज केले. टीआरपीवर २०२५ मध्ये जाऊन आलो, दुसरा अर्ज अजून चालू आहे.

ही ५ वर्षं अटकेपासून मोजत नाहीत, निकालापासूनही नाहीत. शिक्षेतली शेवटची गोष्ट संपली त्या दिवसापासून मोजतात. दंड भरल्याची तारीख, लायसन्सवरची बंदी उठल्याची तारीख, प्रोबेशन असेल तर ते संपल्याची तारीख. माझं लायसन्स तीन महिने निलंबित होतं, शिवाय न्यू जर्सीचा सक्तीचा दारूविषयक वर्ग होता. त्या वर्गाचं प्रमाणपत्र मी कुठंतरी टाकून दिलं होतं, ते परत मिळवायला खटपट करावी लागली. मोटार वाहन खात्याचा तीन वर्षं दरसाल १,००० डॉलरचा सरचार्ज असतो, त्याच्या पावत्याही जपून ठेवा. ड्रायव्हिंगचा सर्टिफाइड ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे तुमच्या ड्रायव्हिंगच्या नोंदींचा उतारा, काढा. रिहॅबिलिटेशनच्या अर्जाला एफबीआयचा दाखला लागतो, बोटांचे ठसे आणि १८ डॉलर. भारतात सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर तिथलं पोलीस क्लिअरन्सही.

आणि कोर्टाचा कागद. पुन्हा सांगतो, कारण बाकी सगळं असूनही मी त्याच्यावाचून परत आलो. माझ्याकडे जाडजूड फाइल होती. कंपनीचं पत्र, बँकेचे कागद, मंडळाच्या अध्यक्षांनी दिलेलं चांगल्या वर्तणुकीचं पत्र, मुलीच्या शाळेचंसुद्धा पत्र. निकाल म्हणून माझ्याकडे काय होतं? फोनमध्ये कोर्टाच्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट. अधिकाऱ्यानं तो नीट वाचला, फोन परत दिला आणि म्हणाला, "यात आरोप दिसतोय. शिक्षा काय झाली आणि ती कधी पूर्ण झाली, ते यात नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. फाइलमधल्या बाकीच्या एकाही कागदाकडे त्यानं पाहिलं नाही. परत आल्यावर त्याच आठवड्यात मी गावच्या कोर्टात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी नंबर घेतला, प्रिंट काढली, उठावाचा शिक्का मारला. दहा मिनिटं. तो कागद हातात घेऊन मी पार्किंगमध्ये कितीतरी वेळ गाडी सुरू न करता बसलो होतो.

तर कागदावर कलम, निकाल, शिक्षा आणि दंड भरल्याचा उल्लेख आहे ना, ते खिडकीवरच वाचून घ्या. छोट्या गावांची कोर्टं अलीकडे शेजारच्या गावात विलीन झाली आहेत, तेव्हा आधी फोन करून रेकॉर्ड कुठं आहे ते विचारा. न्यूयॉर्कवाल्यांनी 'सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन' मागायचं. फोटोकॉपी नको, स्क्रीनशॉट नको, वकिलाची ईमेल नको. शिक्का हवा.

टीआरपी मिळाला की लगेच हुरळून जाऊ नका, त्यावर परत प्रवेशाची मुभा लिहिली आहे का ते बघा. ती नसेल तर कॅनडातून बाहेर पडताक्षणी टीआरपी संपतो. जहाज व्हँकूव्हरहून निघून अलास्काला पोचलं की तुम्ही कॅनडाबाहेर गेलात. तेच जहाज आठवड्यानं व्हँकूव्हरला परतलं की तो नवा प्रवेश. म्हणून मी दुसऱ्या वेळी एकतर्फी प्रवास घेतला, व्हँकूव्हर ते अलास्कातलं सेवर्ड, आणि अँकरेजहून विमानानं घरी. स्कॅगवेहून युकॉनच्या बस-सहली विकतात, त्यांचंही हेच. त्या सहली सीमा ओलांडून कॅनडात जातात. फोटोतलं तळं कितीही निळं असलं तरी ते बुकिंग करू नका.

एच-वन-बी वर असाल तर थांबा आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकतं, करतंही. ईमेल येते, कधी जुन्या पत्त्यावर जाते. अमेरिकेत राहायला त्यानं सहसा अडचण येत नाही, पण एकदा बाहेर पडलात की नवा व्हिसा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणीला पाठवतात. मुदत संपलेल्या व्हिसावर कॅनडातून महिन्याच्या आत परत येण्याची जी सोय आहे, ती रद्द झालेल्या व्हिसाला लागू नाही. शिवाय तुम्हाला कॅनडाचा व्हिसाही लागेल. इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय बुकिंगला हात लावू नका. ग्रीन कार्डवाल्यांना एप्रिल २०२२ पासून कॅनडाचा व्हिसा किंवा ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. पण व्हँकूव्हरला जहाजात चढण्याआधी कॅनडा प्लेस या तिथल्या क्रूझ बंदरावरच अमेरिकेचे अधिकारी बसलेले असतात. म्हणजे आधी कॅनडाचा अधिकारी, मग अमेरिकेचा. मला दोघांनीही काय मागितलं असेल? तोच शिक्क्याचा कागद.

भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. त्यांचे कागद मी चोख केले होते.

त्यांना मी माझी गोष्ट मात्र सांगितली नव्हती. २०१९ मध्ये लाज वाटली, नंतर राहून गेलं. बाबांना ती विमानतळावर, बॅगांच्या पट्ट्याजवळ, सुनेच्या तोंडून कळली. त्यांनी मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "कुणाला लागलं नव्हतं ना रे?" कुणाला लागलं नव्हतं. २०२५ ला त्यांना एवढा लांबचा प्रवास झेपणार नव्हता, आम्ही तिघंच गेलो. सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला घरीच, निघण्याच्या कितीतरी आधी सांगा. आणि तुम्हाला अडवलं तर बाकीच्यांनी पुढे जायचं की थांबायचं, हेही तेव्हाच ठरवा. आम्ही ते काचेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून फोनवर ठरवलं.

बुकिंग पैसे परत मिळण्याच्या मुदतीतलं घ्या, परमिट हातात आल्यावरच उरलेले पैसे भरा. जहाज सुटायच्या दिवशी सीमा ओलांडू नका, दोन दिवस आधी ओलांडा. जमलं तर सिॲटलला उतरून गाडीनं ब्लेनच्या नाक्यावरून जा, परत पाठवलं तर निदान विमान शोधावं लागत नाही. विमानात दारू नको. विचारतील तेवढंच, खरं सांगा. खोटं सापडलं तर त्याची वेगळी ५ वर्षांची बंदी आहे. औषधं, छत्री, मोजे तुमचे तुम्ही बघा.

बंदरावर हमाल मोठ्या बॅगा घेऊन जातात, त्या थेट केबिनच्या दाराशी मिळतात. कोर्टाचा कागद त्या बॅगेत टाकू नका. एक प्रत खांद्यावरच्या पिशवीत, एक बायकोकडे, एक घरी शेजाऱ्याकडे. शिक्का दिसेल अशा पारदर्शक पाकिटात.