रात्री पोटरीत गोळा आला तर

दिवसभर सोयाबीन काढणी किंवा दुकानात उभं राहणं, त्यात पाणी कमी, की मध्यरात्री पोटरीत दगडासारखा गोळा येतो. कधी कारण सापडतही नाही. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा आणि तशीच धरून ठेवा. बोटं खाली ताणाल तर गोळा आणखी आवळतो. सुटल्यावर पोटरी चोळा, शेका. परभणी-नांदेडच्या उन्हात घाम फार जातो, तेव्हा मीठ घातलेलं ताक बरं. रक्तदाबवाल्यांनी मात्र मीठ बेतानंच. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटऱ्या ताणा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही पेटके येतात, पण त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. एकच पाय सुजून लाल-गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.