धनेशाची ढोली: मोबाईलवर एक मिनिटाचा कागदी ॲनिमेशनपट

पर्यावरणावरचा मुलांचा चित्रपट बिघडतो तो बहुधा शेवटी. गोष्ट रंगात आलेली असते आणि कुणीतरी प्रेक्षकांकडे वळून 'झाडे वाचवा' म्हणतं. तिथे लहान मुलं उठतात आणि मोठी माणसं मोबाईल काढतात. सांगायचं ते हालचालीतूनच कळलं पाहिजे, आणि त्यासाठी ज्याची गरज डोळ्यांना दिसते असं पात्र हवं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात, असं पात्र आहे. ते म्हणजे धनेश, मोठ्या चोचीचा हॉर्नबिल पक्षी.

धनेशाला सुतार पक्ष्यासारखं झाड कोरता येत नाही. त्याला आयती ढोली लागते, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली जुन्या, जाड बुंध्यातच मिळते. मादी आत शिरून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. आत असताना तिची उड्डाणाची पिसं गळतात. नर बाहेरून फळं आणून भरवतो. म्हणजे जाड झाड नाही तर घर नाही. हे पडद्यावर दाखवायला एकही शब्द लागत नाही.

गोष्ट चार दृश्यांत बसते. नर फटीतून मादीला भरवतो. पावसाळ्यात ते झाड वादळाने पडतं. तोवर पिल्लू उडून गेलेलं असतं, हे आधी स्पष्ट दाखवा, नाहीतर पाहणारी मुलं तिथेच अडकतात. पुढच्या वर्षी जोडी परत येते आणि बारीक झाडांच्या रांगेवरून उडत राहते. शेवटी देवराईतला जुना बेहडा सापडतो, मादी आत जाते, फट लिंपली जाते, संपलं. कुऱ्हाडवाला खलनायक घालू नका. तो आला की सगळा दोष त्याच्यावर जातो आणि जाड झाडं उरली का नाहीत हा प्रश्न राहून जातो.

संवाद नकोतच. सीमाभागात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, कोंकणी बोलणारी घरं असतात, आणि शब्द नसलेला चित्रपट सगळ्यांचा होतो. सुरुवातीचं नाव मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत, सारख्याच आकारात लिहा.

मांडणी

कागदी बाहुली किंचित हलवायची आणि फोटो काढायचा, असे सेकंदाला १२ फोटो धरा. एक मिनिटाला ७२० होतात, पण पात्रं स्तब्ध असतात तिथे एकच फोटो पुन्हा वापरायचा असल्याने प्रत्यक्षात साधारण ४५० काढावे लागतात. चौघं पुरतात. एकजण बाहुली हलवेल, एकजण फोटो काढेल, एकजण वहीत आकडे लिहील. चौथ्याने धूळ, केस, कागदाचे कपटे टिपायचे. हे काम किरकोळ वाटतं, पण एक केस तीन फोटोंत आला की पडद्यावर तो वळवळतो.

दोन स्टुलांवर फळी टाका, फळीला भोक पाडून मोबाईल खाली तोंड करून ठेवा. कॅमेऱ्यापासून कागद ५० ते ६० सेंटिमीटर. खाली ४८ बाय २७ सेंटिमीटरची चौकट पेन्सिलीने आखा आणि ती मोबाईलच्या स्क्रीनच्या कडांशी जुळेपर्यंत फळी वर-खाली करा. पॉवर बँक पहिल्या फोटोपासून जोडून ठेवा, कारण मध्येच वायर खुपसली की मोबाईल हलतो आणि सगळं चित्र उडी मारतं. एअरप्लेन मोड लावा. स्क्रीनला बोट न लावता ब्लूटूथ बटणाने फोटो घ्या. ॲप असं निवडा की मागची फ्रेम पुसट दिसेल. या सोयीला ओनियन स्किन म्हणतात.

उजेड

सगळ्यात जास्त फिल्म इथे वाया जातात. चित्र लुकलुकतं, त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, मोबाईल प्रत्येक फोटोला स्वतःच उजेड ठरवतो. म्हणून एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० च्या आसपास, शटर (फोटोला लागणारा वेळ) १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/५० मध्ये दोन पूर्ण फेऱ्या बसतात, १/६० मध्ये बसत नाहीत. दुसरं, खिडकीतलं ऊन. ढग आला-गेला की रंग बदलतो, तेव्हा खिडकी जाड चादरीने पूर्ण बंद करा. तिसरं, हलवणाऱ्याचा पांढरा शर्ट. त्याचा उजेड कागदावर पडतो. काळे-निळे कपडे घाला आणि फोटो घेताना दर वेळी त्याच जागी मागे सरका.

९ वॅटचे दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशात, पुढे बटर पेपर, पण बल्बला चिकटलेला नाही. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट जाणारच. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर बल्ब मंद होतात, त्यामुळे ते वापरू नका. लाईट गेली की काम थांबवा, कशालाही हात लावू नका. याच दिवसांत दमट हवेने कागद फुगतो आणि कडा उचलतात. रात्री बाहुल्या जाड वह्यांखाली दाबून ठेवा.

बाहुली

जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. चोचीपासून शेपटीपर्यंत नर १४ सेंटिमीटर, मादी थोडी लहान. धनेशांपैकी 'मोठा धनेश' ही जात करणार असाल तर अंग काळं, मान पिवळट पांढरी, शेपूट पांढरी आणि तिच्यावर काळा पट्टा, चोच पिवळी व वर शिंगासारखा भाग. नराचा डोळा लाल, मादीचा पांढरा. डोळे चुकले की कोण भरवतंय हेच कळत नाही.

मान आणि चोचीचा खालचा भाग सुटा ठेवा. सांध्याला सुईने बटणाचा दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारा. कर्नाटकातल्या तोगलु गोंबेयाट या सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्यांचे हातपायही दोऱ्यानेच सांधलेले असतात. मान वळवताना धडही सरकलं तर गाठ घट्ट झाली. शेजारी बोट लागताच मान ढळली तर सैल.

पंख मात्र सांध्याने हलवू नका. पाच वेगळे पंख कापा: पूर्ण वर, अर्धा वर, आडवा, अर्धा खाली, पूर्ण खाली. मागे क्रमांक लिहा आणि दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या बारीक तुकड्याने लावत-काढत जा.

उड्डाण

क्रम १-२-३-४-५-४-३-२, म्हणजे एक फडकारा आठ फोटोंचा. एवढा सावकाश वाटेल, पण धनेश जड पक्षी आहे. दोन-तीन फोटोंत पंख हलवला की चिमणी दिसते. तीन फडकाऱ्यांनंतर पंख आडवा ठेवून ९-१० फोटो नुसतं तरंगू द्या. पंख खाली येतो तेव्हा अंग ३ मिलिमीटर वर, पंख वर जातो तेव्हा खाली. बहुतेकजण हे उलटं करतात आणि पक्षी दोरीला टांगल्यासारखा वाटतो.

निघताना पहिल्या फोटोत २ मिलिमीटर, मग ४, ७, १०; बसताना हाच क्रम उलटा. बसल्यावर फांदी दोन फोटोंत ६ मिलिमीटर दबते, ३ मिलिमीटर वर येते, मग स्थिरावते. या चार फोटोंत पक्ष्याचं वजन दिसतं. वेळ कमी असेल तर दुसरं काही गाळा, हे नको.

बारीक झाडांवरून उडण्याच्या दृश्यात पक्षी चौकटीच्या मध्येच राहतो, पार्श्वभूमी सरकते. ११० सेंटिमीटर लांब पट्टी रंगवा, कडेला मिलिमीटरच्या खुणा करा आणि दर फोटोला ८ मिलिमीटर ओढा. सहा सेकंदांचे ७२ फोटो, म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटर. चौकटीचे ४८ धरून पट्टी पुरते. या पट्टीवर झाडांचे बुंधे दीड सेंटिमीटरचे, आणि शेवटचा बेहडा ९ सेंटिमीटरचा. चित्रपटाचं सगळं म्हणणं या दोन मापांत आहे. तेव्हा मधल्या जाडीचं एकही झाड काढू नका.

भरवण्यासाठी उंबरं पंचिंग मशीनने लाल कागदातून पाडा, साधारण ६ मिलिमीटरची मिळतात. नर गळ्यात साठवलेली फळं एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो. गळ्याशी तीन फोटो, टोकाशी दोन, सहा फोटो थांबा, मग फळ फटीत. पाच-सहा फळं द्या, पण थांबण्याचा वेळ दर वेळी थोडा बदला. सारखाच ठेवला की यंत्र वाटतं.

आवाज आणि पडदा

मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो. जाड टॉवेल हवेत जोरात ओढा, मोबाईल हातभर लांब. बुंधा पडण्यासाठी वाळलेली तुरकाटी मोडा. खरी साद रेकॉर्ड करायला घरट्याजवळ जाऊ नका, आणि रेकॉर्ड केलेली साद तिथे वाजवून पक्ष्याला बोलावू तर अजिबात नका. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते.

गणपतीच्या मंडपात दाखवायचं असेल तर आवाजावर विसंबू नका. आवाज बंद करून एकदा पाहा आणि कळत नाही ते दृश्य पुन्हा काढा. पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर लावला की गडद रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून काळा पक्षी गडद हिरव्यावर न ठेवता फिकट आभाळावर ठेवा, आणि पहिल्याच दिवशी दहा फोटो काढून त्या चादरीवर तपासा.