स्टिरॉइडच्या गोळ्या आणि वाढतं वजन : या चुका टाळा

गोळ्या सुरू होऊन महिना झाला की नात्यातलं कुणीतरी म्हणतंच, "तब्येत चांगली सुधारली की!" दमा असो, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा किडनीचा विकार असो, प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं घेणाऱ्याला हे वाक्य फार लागतं. मग सुरू होतात घरगुती उपाय, आणि त्यातले बरेचसे उलटतात. कारण या वाढलेल्या वजनात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : अंगात साठलेलं पाणी, वाढलेल्या भुकेमुळे चढलेली चरबी, आणि चेहरा, मानेची मागची बाजू व पोट इथे सरकलेली चरबी. शिवाय मांड्यांचे स्नायू झिजत असतात, ते काट्यावर दिसतच नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय वेगळा लागतो.

चेहरा सुजला म्हणून गोळी बंद करणे

सगळ्यात घातक चूक हीच. आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात, साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागलं की त्या ग्रंथी काम कमी करतात. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी घेतली असेल आणि ती एकदम थांबवली, तर शरीराकडे स्वतःचं पुरेसं कॉर्टिसॉल नसतं. गळून जाणं, उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जिवावरही बेततं. मूळ आजार उसळतो तो वेगळाच. डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो आणि तो डॉक्टरांनीच. "अर्धीच घेतली तर काय होतंय" हाही तोच धोका.

एकादशीला, श्रावणी सोमवारी "उपवासाला औषध चालत नाही" म्हणून गोळी चुकवणारे आपल्याकडे कमी नाहीत. गोळी चुकवू नका आणि ती रिकाम्या पोटीही घेऊ नका. उपवास करायचाच असेल तर साबुदाणा खिचडीपेक्षा भगर बरी, तीही वाटीभर. मात्र डॉक्टरांनी उपवासच नको म्हटलं असेल तर तिथे तडजोड नको.

चेहऱ्याचा गोलवा कायमचा नसतो. डोस उतरला की काही महिन्यांत तो ओसरतो. रुग्णाला हे कुणी सांगतच नाही, म्हणून माणसं घाबरून गोळ्या फेकून देतात.

तेल-तूप सोडणे, पण मीठ तसंच ठेवणे

स्टिरॉइडमुळे शरीर सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत पाणीही. पाय सुजतात, अंगठी घट्ट होते, रक्तदाब चढतो. अशा वेळी पाणी पिणं कमी करून काही साधत नाही. ताटाची डावी बाजू बघा : मीठ, लोणचं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पापड. भाजी बिनतेलाची केली आणि ही बाजू तशीच राहिली, तर सूज उतरायची नाही. तिथे लिंबू पिळलेली, बिनमिठाची काकडीची कोशिंबीर वाढा. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या स्वयंपाकाचं मिळून माणशी एक छोटा सपाट चमचा. सैंधवातही सोडियमच असतं, त्यामुळे ते घेऊन काही वाचत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते किडनीच्या आणि काही रक्तदाबाच्या रुग्णांना त्रासदायक ठरतं. विचारल्याशिवाय आणू नका.

नाशकात राहून मिसळ कायमची सोडा असं मी सांगणार नाही. मोड आलेली मटकी तर हवीच. नडतात ते फरसाण, तर्री, पापड आणि वर जिलबी. घरी मटकीची उसळ, वर कांदा-टोमॅटो आणि सोबत पावाऐवजी नागलीची भाकरी घ्या. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्या बाजारात सहज मिळते.

भुकेशी भांडणे

ही भूक औषधाची आहे, तुमचा संयम कमी पडलेला नाही. रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडतो तो त्यामुळेच. डबा घरात ठेवूच नका, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. दिवसभर उपाशी राहिलात तर रात्री ती भूक दुप्पट होऊन वसूल करते. दर तीन-चार तासांनी थोडं खा, आणि त्यात प्रथिनं असू द्या : मूग, अंडं, दही, फुटाणे (बिनमिठाचे). किडनीच्या रुग्णांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. द्राक्षाच्या हंगामात घरात पेटीच येते. 100 ग्रॅम द्राक्षांत सुमारे 70 कॅलरी असतात, तेवढ्याच मनुकांत 300 च्या आसपास. मूठभर द्राक्षं चालतील, मनुकांचा बकाणा नको.

गोळी शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, म्हणजे झोप बिघडत नाही आणि रात्रीचं खाणंही आवरतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी असेल तर वेळ कोणती ते डॉक्टरांना विचारून घ्या.

फक्त उपाशीपोटीची साखर तपासणे

सकाळच्या गोळीने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल आणि प्रत्यक्षात मात्र साखर वाढलेली, असं होतं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. खूप तहान, वारंवार लघवी ही लक्षणं वजनाच्या काळजीत मागे पडू देऊ नका.

एकदम जोरात व्यायाम

कृषीनगरच्या ट्रॅकवर वेगाने फेऱ्या मारणं किंवा पहिल्याच आठवड्यात पांडवलेणीच्या पायऱ्या चढणं नको. मांड्या अशक्त आणि हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जमतील तेवढ्या वेळा, रोज. मग सपाटीवर चाला. जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दलही त्याच भेटीत विचारा.

काढा आणि पुड्या

ज्येष्ठमध घातलेला काढा रोज घेतल्याने सूज आणि रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. स्टिरॉइडसोबत तर नकोच. आणि सांधेदुखी किंवा दम्यावर "दोन दिवसांत गुण" देणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं. म्हणजे डोस नकळत दुप्पट. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर तीही एकदम बंद न करता डॉक्टरांना नेऊन दाखवा.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर करून वहीत लिहा. आठवड्यात दोन-तीन किलो वाढ ही बहुधा पाण्याची असते, लगेच कळवा. सोबत धाप लागत असेल, आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल किंवा पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.