गाण्याचे शब्द आधी वाचू नका

2016 साली मी पुण्यात हॉस्टेलवर होते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. रिहानाचं 'वर्क' तेव्हा खोल्याखोल्यांतून वाजायचं. रूममेट सोबत गुणगुणायची आणि मला त्या एका शब्दापलीकडे काही लागत नव्हतं. माझं इंग्रजीच कच्चं आहे असं मी धरून चालले आणि पुढे कितीतरी दिवस कुणासमोर इंग्रजीत तोंड उघडलं नाही. खूप उशिरा कळलं की रिहाना बार्बाडोसची आणि त्या गाण्यात कॅरिबियन बोली आहे. त्यातलं 'हॅफी' म्हणजे 'हॅव टू', करावं लागतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या अनेकांनाही ते शब्द लागले नव्हते. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं, म्हणून इंग्रजी गाण्यांतले उच्चार आणि स्लँग कानाने ओळखायला शिकणाऱ्या तुम्हाला सगळ्यात आधी सांगते.

'गोइंग टू'चं 'गॉना', 'वॉन्ट टू'चं 'वॉना', 'बिकॉज'चं 'कॉज' तुम्हाला माहीत असणारच. मला दोन वर्षं अडकवलं ते वेगळ्याच सवयीनं. मी गाणं लावायचे, शब्द उघडायचे आणि वाचत वाचत ऐकायचे. सगळं कळायचं! शब्द बंद केले की पुन्हा धुकं. एकदा ओळ वाचली की तीच ऐकू आली असं वाटू लागतं, आणि कानाला काही कामच उरत नाही. अशी शेकडो गाणी ऐकली, कान होता तिथेच राहिला.

आपल्याला हे जास्त बाधतं, कारण आपण देवनागरीवर वाढलो. लिहिलंय ते ऐकू यायलाच हवं, ही अपेक्षा हाडात भिनलेली. मराठी गाण्यात तर बोलताना गिळलेला 'अ'सुद्धा गायक परत देतो. बोलताना 'मन्', गाताना 'मन' पूर्ण. इंग्रजीत उलटं चालतं. जोर एखाद्या अक्षरावर पडतो, आजूबाजूचे स्वर पुसट होतात आणि शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतं. अमेरिकन तोंडी 'गेट इट'चं 'गेडिट' होतं. 'रायटर' आणि 'रायडर' जवळपास सारखेच लागतात. लंडनच्या बोलीत तोच 'ट' घशात अडतो आणि 'वॉटर'चं 'वॉ-अ' एवढंच उरतं. छापील ओळ समोर असली की आपण 'ट' शोधत बसतो. तो तिथे नसतोच.

यावर मला उपयोग झाला तोही देवनागरीचाच. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा घ्या. शब्द न बघता आठ-दहा वेळा ऐका. कानावर पडेल ते जसंच्या तसं देवनागरीत लिहा, अर्थ लागो न लागो: 'लेमी' (लेट मी), 'वॉचा' (व्हॉट आर यू), 'आयमना' (आय अॅम गोइंग टू). मगच छापील ओळ तिच्याखाली उतरवा. दोन ओळींत जिथे फरक दिसेल तिथे त्या गायकाचा उच्चार सापडतो. माझी अर्धी वही भरली तेव्हा तेच ते फरक पुन्हा पुन्हा येऊ लागले. कंटाळवाणं आहे, एका गाण्याला आठवडा जातो. तरी करा. महिन्यात 'अॅक्सेंट समजेल' असं सांगणाऱ्या क्लासला मी पैसे भरून आलेय, तिथे सगळा वेळ शब्द वाचण्यातच गेला.

चुकीचं ऐकू आलं तर मनाला लावून घेऊ नका. अमेरिकन गिटारवादक-गायक जिमी हेंड्रिक्सच्या 1967 च्या 'पर्पल हेझ' या गाण्यातलं 'किस द स्काय' इंग्रजी बोलणाऱ्यांनाच 'किस धिस गाय' ऐकू येत आलंय. अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' असं नावच आहे, 1954 मध्ये सिल्व्हिया राइट या लेखिकेनं दिलेलं. इथे आपली बाजू उलट भक्कम आहे. 'स'नंतरच्या 'क'मध्ये हवा सुटत नाही, म्हणून इंग्रजी कानाला तो 'ग'सारखा लागतो. आपण क, ख, ग लहानपणीच वेगळे केलेत.

गायक कुठला आहे यावरून उच्चाराचा अंदाज बांधू नका. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञानं 1983 मध्ये ब्रिटिश पॉप गायकांच्या उच्चारांवर लिहिलं. बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांत अमेरिकन पद्धतीचा 'र' जास्त होता, पुढच्या अल्बमांत तो कमी होत गेला. लिव्हरपूलची मुलं, पण गाताना जीभ अमेरिकेकडे वळलेली. लंडनची गायिका अडेल हिची मुलाखत ऐकून मग तिचं गाणं ऐका, लंडनची बोली कितीतरी निवळलेली असते.

स्लँगचं थोडक्यात. 'शॉर्टी' मी शब्दकोशात पाहिलं, 'बुटकी' असा अर्थ मिळाला, आणि कित्येक महिने त्या गाण्यात मुलीची टिंगल चाललीय असं मानलं. हिपहॉपमध्ये ती नुसती तरुणी असते, बऱ्याचदा प्रेयसी. 'सिक' म्हणजे आपलं 'खतरनाक गातो'मधलं खतरनाक. 'एन्ट' म्हणजे 'नाही', आणि 'एन्ट नो'मध्ये दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, जोर वाढवतात. अर्बन डिक्शनरी या स्लँगच्या वेबसाइटवर अर्थ कुणीही लिहू शकतं, म्हणून पहिलाच अर्थ उचलू नका, चार-पाच वाचा. आणि हे इंग्रजी 'चुकीचं' आहे असं सांगणारे सर भेटतील, मलाही भेटले. त्यांचं ऐकू नका. यातलं पुष्कळसं कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आलंय आणि त्या बोलीला स्वतःचं व्याकरण आहे. मात्र रॅपमध्ये ते स्वतःसाठी वापरतात तो 'एन'वरून सुरू होणारा शब्द मुळात वर्णद्वेषी शिवी आहे, तो सोबत गातानाही तोंडातून काढू नका. कधीच नाही.

सुरुवात संथ, एका आवाजाच्या, गिटार किंवा पियानोवरच्या गाण्यांनी करा. रॅप पहिले सहा महिने नको. माझ्या वहीत सध्या प्रोक्लेमर्स या स्कॉटिश जुळ्या भावांचं 1988 चं पाचशे मैलांचं गाणं आहे. त्यातल्या 'हेव्हर'वर मी चार दिवस अडले होते. स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ वायफळ बडबडणं. पण तो शब्द कानाने मी बरोबर लिहिला होता, एकही ओळ न वाचता.