रेक्स बिगोनियाने माना टाकल्या? झारी लगेच उचलू नका

रेक्स बिगोनिया या शोभेच्या झाडाची पानं मलूल दिसली की हात आपसूक झारीकडे जातो. माझाही जायचा. त्यात दोन झाडं गेली. अडचण अशी की तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड, दोन्ही सारखीच माना टाकतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पानं सुकतात. आधी बोट खुपसून बघा. वरची माती कोरडी आणि कुंडी उचलायला हलकी असेल, तरच पाणी द्या. माती गार, चिकट लागली तर झाड काढून मुळं तपासा. तपकिरी, बुळबुळीत मुळं कापा आणि जेमतेम ओलसर, नव्या मिश्रणात लावा.

खरा घोळ बरेचदा कुंडीत असतो. या झाडाची मुळं वरवर पसरतात. ‘पुढे वाढेलच’ म्हणून ऐसपैस कुंडी घेतली की तळाची माती वाळतच नाही. उथळ, मुळांपेक्षा जराशीच मोठी कुंडी पुरते. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) सढळ हाताने घाला. वाफसा हवा, चिखल नको. जाड, आडवं खोड मातीवर टेकलेलं राहू द्या. ते पुरलं की कूज तिथूनच सुरू होते.

पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या तर हवा कोरडी आहे. मग लोक फवारे मारत सुटतात! मूळचं आसामकडचं हे झाड दमट हवेला सोकावलेलं आहे, पण दमट हवा वेगळी आणि ओलं पान वेगळं. लवदार पानावर पाणी साचलं की डाग पडतात. त्यापेक्षा ताटलीत खडे आणि थोडं पाणी घालून वर कुंडी ठेवा. तळ पाण्याला लागू नये. कुंड्यांची दाटीही नको, कोंदट जागेत भुरी येते. पांढरी पावडर दिसली की ते पान लगेच काढा.

कडक उन्हात पानं करपतात, अंधारात देठ लांबून रंग विटतात. खिडकीतला गाळलेला उजेड उत्तम.

थंडीत पानं गळाली म्हणून झाड फेकू नका. खोड दाबून बघा. टणक असेल तर पाणी कमी करा आणि वाट बघा. मऊ पडलं असेल, तर उरलेलं एखादं निरोगी पान घ्या, मागच्या जाड शिरांना छेद द्या आणि ओलसर कोकोपीटवर चपटं टेकवून वर पारदर्शक झाकण ठेवा. काही आठवड्यांत छेदांपाशी पिल्लं फुटतात.