फंडिंगची खात्री नसताना अमेरिकेत अभियांत्रिकीचे विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

मार्च संपत आला की अमेरिकेतील विद्यापीठांना अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात साधारण तीन प्रकारची पत्रे असतात. एका पत्रात प्रवेशाबरोबर चार-पाच वर्षांच्या फंडिंगची लेखी हमी असते, दुसऱ्यात फक्त पहिल्या वर्षाचा उल्लेख असतो आणि तिसऱ्यात केवळ प्रवेश देऊन मदतीचा विचार पुढे होऊ शकेल असे मोघम वाक्य घातलेले असते. बहुतेक घरांत चर्चा होते ती विद्यापीठाच्या रँकिंगची. पण पुढची काही वर्षे निभावणार की नाही हे ज्यावर अवलंबून असते तो प्रश्न वेगळा आहे: पैसे नेमके कोण देणार, किती काळ देणार आणि ते बंद पडले तर जबाबदारी कोणाची? हा प्रश्न न विचारल्यामुळे होणाऱ्या चुका टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहीत आहे.

ही अनिश्चितता आता नेहमीपेक्षा जास्त आहे. 2025 मध्ये एनआयएच (आरोग्य संशोधनाला निधी देणारी संस्था), ऊर्जा विभाग आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन म्हणजे एनएसएफ या संघीय संस्थांनी संशोधन अनुदानातील अप्रत्यक्ष खर्चावर (इमारती, वीज, प्रशासन यांसाठी विद्यापीठाला मिळणाऱ्या भागावर) 15 टक्क्यांची मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला, तो वाद न्यायालयात गेला, आणि त्याच वर्षी आधी मंजूर झालेली अनेक अनुदानेही मध्येच रद्द झाली. त्यामुळे काही विभागांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. प्राध्यापकांची नियत कितीही चांगली असली तरी त्यांच्या हातात नसलेल्या पैशाचे आश्वासन त्यांना पाळता येत नाही, हे निवड करताना गृहीत धरावे लागते.

आकडा वाचणे आणि वाक्ये न वाचणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक ही. ऑफर लेटरमधील स्टायपेंडची, म्हणजे विद्यार्थ्याला मिळणाऱ्या मासिक वेतनाची, रक्कम सर्वांच्या लक्षात राहते, पण ती नऊ महिन्यांची आहे की बारा महिन्यांची, ट्यूशन (शिकवणी शुल्क) पूर्ण माफ आहे की काही टक्के, विद्यापीठाच्या इतर फीचे आणि आरोग्य विम्याचे काय, हे खालच्या परिच्छेदात असते आणि तिथपर्यंत वाचन पोहोचत नाही. समजा, पहिले विद्यापीठ महिन्याला 3,000 डॉलर देते, पण नऊच महिने, आणि वर्षाची 1,900 डॉलर फी व 2,400 डॉलरचा विमा विद्यार्थ्यानेच भरायचा आहे. दुसरे विद्यापीठ महिन्याला 2,300 डॉलरच देते, मात्र बारा महिने, विमा विभाग भरतो आणि फी 600 डॉलर आहे. पहिल्या ठिकाणी वर्षाचे 27,000 डॉलर येऊन हाती 22,700 राहतात, तर दुसऱ्या ठिकाणी 27,600 पैकी 27,000 राहतात. महिन्याला 700 डॉलर जास्त देणारे विद्यापीठ वर्षाअखेर 4,300 डॉलरने मागे पडते. असिस्टंटशिपच्या, म्हणजे संशोधनात किंवा शिकवण्यात मदत करण्याच्या नेमणुकीच्या, स्टायपेंडवर प्राप्तिकर लागतो, तो वेगळा. त्या-त्या शहरातील घरभाडेही याच कागदावर मांडावे.

नऊ महिन्यांच्या नेमणुकीत उन्हाळ्याचे तीन महिने मोकळे असतात, आणि उन्हाळ्यात बहुतेकांना मदत मिळते असे तोंडी सांगितले जाते. ते खरेही असू शकते. तरी गेल्या उन्हाळ्यात आपल्याच विभागातील किती विद्यार्थ्यांना मदत मिळाली, हे ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला (विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे कामकाज पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) ईमेलवर विचारावे. पत्रातील क्रियापदांकडेही बारकाईने पाहावे. ‘आम्ही हमी देतो’, ‘आमचा मानस आहे’ आणि ‘निधी उपलब्ध असल्यास’ या तीन शब्दप्रयोगांची किंमत वेगवेगळी आहे. शेवटचा शब्दप्रयोग हमीच्या पत्रातही कायदेशीर कलम म्हणून येतो, म्हणून तो दिसताच घाबरण्याचे कारण नाही. मात्र पत्रात तेवढेच असेल आणि वर्षांचा आकडा कुठेच नसेल, तर ती हमी समजू नये.

एकाच प्राध्यापकावर सगळा भार टाकणे

अभियांत्रिकीत पीएचडीचे फंडिंग बहुतेक वेळा रिसर्च असिस्टंटशिपमधून येते आणि ती गाईडच्या (मार्गदर्शक प्राध्यापकाच्या) अनुदानातून दिली जाते. म्हणून गाईड निवडणे हा आर्थिक निर्णयही असतो. प्राध्यापक आवडले, संशोधनाचा विषय जुळला, ईमेलला उत्तर आले, एवढ्यावर निर्णय घेणारे विद्यार्थी एक सोपी गोष्ट करायला विसरतात. एनएसएफच्या अनुदानांची सूची सर्वांसाठी खुली आहे. प्राध्यापकाचे नाव टाकले की त्यांची अनुदाने समोर येतात आणि प्रत्येकाच्या पानावर सुरुवातीची तारीख, अपेक्षित समाप्तीची तारीख आणि अनुदानाचा प्रकार दिलेला असतो.

हे पान सावकाश वाचण्यासारखे आहे. प्रकारापुढे ‘स्टँडर्ड ग्रँट’ असेल तर मंजूर रक्कम एकदाच पूर्ण बांधली गेलेली असते, तर ‘कंटिन्यूइंग ग्रँट’ असेल तर ती टप्प्याटप्प्याने सुटते आणि पुढचा टप्पा निधीच्या उपलब्धतेवर व कामाच्या प्रगतीवर ठरतो. एकूण अपेक्षित रक्कम आणि आजवर मंजूर झालेली रक्कम हे दोन आकडे तिथे वेगळे दिलेले असतात, त्यांतील फरक म्हणजे अजून न आलेला पैसा. अनुदान येत्या वर्षात संपत असेल आणि दुसरे चालू नसेल, तर पाच वर्षांच्या पदवीच्या मानाने तो आधार तोकडा आहे. अर्थात संरक्षण विभागाचे किंवा उद्योगांचे पैसे या सूचीत दिसत नाहीत आणि मुदतवाढही मिळू शकते, म्हणून या पानावरून निष्कर्ष काढण्याऐवजी प्रश्न काढावेत. ‘सध्याचे अनुदान संपल्यावर माझ्या नेमणुकीची तरतूद कुठून होईल, आणि नवे अनुदान येईपर्यंत विभाग टीचिंग असिस्टंटशिप देतो का?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगले गाईड या प्रश्नाचे सरळ उत्तर देतात, आणि जे चिडतात त्यांच्याविषयी तेवढ्यानेच पुष्कळ कळते.

नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरकडे विद्यापीठाने दिलेला स्टार्टअप निधी असतो, आणि पहिली काही वर्षे तो मोठा आधार ठरतो. मात्र तो संपण्याच्या सुमारास टेन्युअरचा, म्हणजे प्राध्यापकाला कायम करण्याचा, निर्णयही जवळ येतो, जो सहसा सहाव्या वर्षाच्या आसपास होतो. त्यांनी विद्यापीठ सोडले तर त्यांच्याबरोबर जायचे की नवा गट शोधायचा, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. म्हणून ज्या विभागात आपल्या विषयाचे निदान तीन प्राध्यापक आहेत, तो विभाग मला एका नामवंत व्यक्तीभोवती उभ्या असलेल्या विभागापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो, मग रँकिंगमध्ये तो थोडा खाली का असेना.

‘आधी जाऊ, फंडिंग तिथे गेल्यावर मिळेल’

एमएसला जाणाऱ्यांमध्ये हा समज पक्का रुजलेला आहे. काहींना तिथे गेल्यावर असिस्टंटशिप मिळते, यात खोटे काही नाही, आणि त्यांच्याच गोष्टी सर्वदूर पोहोचतात. पण पैसे तुटपुंजे असले की विभाग आधी पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सांभाळतो, आणि एमइंगसारख्या (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) व्यावसायिक पदव्यांना तर बहुतेक ठिकाणी असिस्टंटशिप अपेक्षितच नसते. टीचिंग असिस्टंटशिपसाठी परदेशी विद्यार्थ्यांना अनेक विद्यापीठांत इंग्रजी संभाषणाची वेगळी पात्रता लागते, टोफेल या इंग्रजी परीक्षेच्या एकूण गुणांवर ती ठरत नाही.

याच्या जोडीला व्हिसाची मर्यादा आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येते. पूर्ण असिस्टंटशिप म्हणजे बहुधा हेच 20 तास असतात, त्यामुळे त्यावर दुसरे काम जोडता येत नाही. तासावर मिळणाऱ्या कॅम्पसवरील नोकरीने जेवणखाण सुटेल, पण ट्यूशन माफ होत नाही. आय-20 साठी (व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रासाठी) पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दाखवला म्हणून दुसऱ्या वर्षाची सोय झाली, असाही अर्थ कोणी घेऊ नये. एनएसएफची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप हिशेबात धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती अमेरिकेचे नागरिक, नॅशनल (अमेरिकन सामोआसारख्या प्रदेशांतील लोक) आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे.

माझे मत स्पष्ट आहे: असिस्टंटशिप मिळालीच नाही असे धरून संपूर्ण पदवीचा खर्च मांडावा, आणि तो झेपत असेल तरच बिनफंडिंगचा एमएस स्वीकारावा. झेपत नसेल तर एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करण्यात कमीपणा नाही. पीएचडीचे फंडिंग घेऊन एमएस होताच बाहेर पडायचे, असा बेत आधीच मनात ठेवून जाणे मात्र मला पटत नाही. गाईडचा पैसा आणि दुसऱ्या कोणाची तरी जागा त्यात जाते.

15 एप्रिलचा अर्थ चुकीचा लावणे

कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावाला मान्यता दिलेली विद्यापीठे आर्थिक मदतीच्या ऑफरला 15 एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. हा ठराव मदतीच्या ऑफरला लागू आहे, नुसत्या प्रवेशाला नाही. एमएसच्या प्रवेशासाठी आधीची तारीख आणि परत न मिळणारी अनामत रक्कम असू शकते. एखादा विभाग मदतीच्या ऑफरवर लवकर उत्तर मागत असेल तर त्याचे विद्यापीठ ठराव मान्य करणाऱ्यांच्या यादीत आहे का हे पाहून, नम्रपणे ठरावाचा उल्लेख करून मुदत मागावी. नको असलेल्या ऑफर मात्र लवकर नाकाराव्यात, कारण प्रतीक्षा यादीतील कोणाचे तरी फंडिंग त्यावर अडलेले असते.

मध्येच फंडिंग तुटले तर

इथे होणारी चूक म्हणजे गप्प बसणे. पुढच्या सत्राच्या नेमणुकीबद्दल गाईड संदिग्ध बोलू लागले की त्याच आठवड्यात ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला भेटावे, कारण टीचिंग असिस्टंटशिपच्या जागा सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी भरल्या जातात. काही विभागांकडे दोन अनुदानांमधला काळ भरून काढण्यासाठी तात्पुरता निधी असतो, पण मागितल्याशिवाय तो क्वचितच पुढे येतो. गणित आणि भौतिकशास्त्र या विभागांना पदवीच्या मोठ्या वर्गांसाठी सहायक लागतात, तिथेही विचारावे. पीएचडीचे विद्यार्थी असाल तर एमएसच्या अटी पूर्ण होण्यास किती क्रेडिट उरले आहेत हे त्याच भेटीत लिहून घ्यावे. विद्यापीठ बदलण्याची वेळ आली तर सेव्हिसमधील (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील) नोंद नव्या विद्यापीठाकडे वर्ग करावी लागते, म्हणून वर्ग सोडण्याआधी किंवा क्रेडिट कमी करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावे. पूर्णवेळ नोंदणी परवानगीशिवाय मोडली की व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो, आणि मग फंडिंग मिळूनही ते वापरता येत नाही.