दिवाळीच्या गर्दीत शिफ्ट बदलली तर काय करायचं

पाळधीहून जळगावच्या एमआयडीसीत येऊन पार्सलच्या गोडाऊनला मी चार दिवाळ्या सॉर्टिंग केलं. ठेकेदाराकडून, दुपारी ४ ते रात्री ८. दसरा ते लक्ष्मीपूजन हे वीस दिवस असे असतात की सकाळी सांगितलेली वेळ दुपारपर्यंत टिकत नाही. गाडी उशिरा आली की उशिरा या, दोन गाड्या एकदम लागल्या की थांबा. नेमका त्याच दिवसांत घरचा कापूस फुटतो. सासूबाई विचारतात, “कापूस फुटी गया, तू कवय येशी?” ज्यांची अशी ओढाताण होते त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिलं काम घटस्थापनेच्या आधीचं. सुपरवायझर विचारेल म्हणून थांबू नका. “कोणतीही वेळ चालेल” असं तर म्हणूच नका. काम मिळावं म्हणून नवीन बायका असं बोलून जातात, आणि पहाटेच्या शिफ्टला पहिलं नाव त्यांचं लागतं. माझा मेसेज असा असायचा: ‘दादा, सोमवार ते शनिवार ४ ते ८ येईन. ९ पर्यंत थांबेन, पण दुपारी १२ च्या आत कळवा. रविवारी कापूस वेचणी आहे, येणार नाही. भाऊबीजेला सुट्टी पाहिजे.’ काय जमेल ते आधी लिहायचं, काय नाही ते नंतर. असं लिहिलं की माणूस ऐकून घेतो.

वेळ बदलल्याचा फोन आला की ‘हो’ म्हणण्याआधी परत जायची गाडी बघा. ८ ला सुटलं तर एसटी मिळते. त्यानंतर रिक्षाला पैसे घातले तर जादा तासाची कमाई तिथेच संपते. जमणार असेल तर होकार द्या, आणि लगेच दोन ओळींचा मेसेज टाका: ‘तुमच्या सांगण्यावरून उद्या ४ ऐवजी सकाळी ७ ला येते.’ दुसऱ्या वर्षी मी हे केलं नव्हतं. तीन दिवस सकाळी येऊन काम केलं, पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव संध्याकाळच्या यादीतच राहिलं. तिन्ही दिवस गैरहजेरी लागली. सोबतच्या बायका साक्षीला उभ्या राहिल्या, तरी एकाच दिवसाचे पैसे मिळाले. ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून पिशवीत वही असते. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, वेळ कोणी बदलली. आठवड्याला मस्टरशी ताडून बघते. चूक त्याच आठवड्यात दाखवली तर दुरुस्त होते, महिना उलटला की कोणी ऐकत नाही.

मैत्रिणीशी शिफ्ट बदलायची असेल तर दोघींनी आणि सुपरवायझरने, तिघांनी एकाच ग्रुपवर लिहावं. नाहीतर तिला ताप आला की गैरहजेरी तुमच्या नावावर.

पैशाचं नीट समजून घ्या, इथे बऱ्याच जणी चुकतात. ठरलेल्या चार तासांवर दोन तास जास्त थांबलात तर त्या दोन तासांचे पैसे नेहमीच्या दराने मिळतात. दुप्पट दर कायद्याने ठरवलेल्या तासांच्या पलीकडे लागू होतो. म्हणून जादा तासाचा दर आधीच विचारा आणि वहीत लिहा.

रात्रीच्या कामाचंही सांगते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती दिली तरी सुरक्षेची आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. “गाडी कोणती, सोबत कोण?” एवढं विचारायला लाजू नका. उत्तर मिळालं नाही तर मी जात नाही.

सीझन संपताना ओळखपत्र परत करण्याआधी वही घेऊन ठेकेदारासमोर बसा. राहिलेले दिवस एकेक करून मोजा, आणि पैसे कोणत्या तारखेला देणार ते त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या.